सदतीस दिवस : महायुद्धाच्या अभ्यासाविषयी थोडेसे

इतिहासाच्या तासाला महायुद्धाचे प्रकरण निघाले की शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही सरसावून बसतो. रणगाडे, पाणबुड्या, सेनापती यांचे त्याला आकर्षण असते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु या विषयाची खरी ओढ शस्त्रांत नसून घटनाक्रमात आहे, असे माझे मत आहे. पानोपानी वाटत राहते की हे येथे थांबू शकले असते. वाचकाला खिळवून ठेवणारी गोष्ट तीच, आणि शोकांतिकाही तीच.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्यावर सकाळीच बॉम्ब फेकला गेला. तो हुकला, मागच्या मोटारीतील माणसे जखमी झाली. जखमींना भेटण्यासाठी युवराज पुन्हा निघाला. मार्ग बदलला होता, पण चालकाला ते कोणी सांगितले नव्हते. मोटार जुन्या मार्गाने वळली, चूक लक्षात येताच थांबली, आणि समोर होता १९ वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप.

साम्राज्यांची स्पर्धा, गटबाजीचे करार, शस्त्रस्पर्धा ही कारणे आपण परीक्षेसाठी पाठ केली. ती खरीच आहेत. पण कारणे युद्ध पुकारीत नाहीत, माणसे पुकारतात. ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियास ४८ तासांची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. ते उत्तर २८ जुलैला वाचून जर्मन सम्राट विल्हेल्म यानेच नोंदविले की आता युद्धाचे कारण उरले नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. रशियाचा झार निकोलस हा विल्हेल्मचा नातलग. त्याची तार आल्यावर झारने २९ जुलैच्या रात्री सार्वत्रिक सैन्यसज्जतेचा हुकूम मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी मंत्री व सेनानी यांच्या आग्रहापुढे पुन्हा दिला. १ ऑगस्टला विल्हेल्मने सेनापती मोल्टके यास विचारले की फ्रान्सकडे निघालेले सैन्य फक्त रशियाकडे वळविता येईल काय? अशक्य, असे उत्तर आले. वर्षभर राबून आखलेले रेल्वेचे वेळापत्रक विस्कटले असते! ते वळविणे शक्य होते, असे जर्मन रेल्वेच्याच एका लष्करी अधिकाऱ्याने युद्धानंतर पुस्तक लिहून मांडले. तोवर ९० लाखांहून अधिक सैनिक मातीत गेले होते. ४ ऑगस्टला ब्रिटनही युद्धात उतरले. हत्येपासून मोजले तर अवघे ३७ दिवस.

या ३७ दिवसांत ज्यांना कोणी काही विचारले नाही, त्यांत आपली माणसे होती. १० लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले, सुमारे ७४,००० परतले नाहीत. पुण्याचे नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात कूट येथे वेढ्यात अडकली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. ज्या महारांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीचे दार बंद झाले होते, त्यांची १११ वी पलटण गरज पडताच १९१७ मध्ये उभारली गेली आणि गरज सरताच, १९२१ मध्ये, मोडली गेली.

प्रिन्सिपचे पुढे काय झाले, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. वयाची २० वर्षे पूर्ण नसल्याने त्याला फाशी झाली नाही. २० वर्षांची शिक्षा भोगताना तेरेझिन येथील किल्ल्याच्या तुरुंगात क्षयाने तो २८ एप्रिल १९१८ रोजी वारला. युद्ध तेव्हाही चालूच होते.

याच तेरेझिन गावात १९४१ पासून नाझींनी ज्यूंना कोंडले. भूक आणि रोगराईने तेथे सुमारे ३३,००० माणसे मेली. त्याहून कितीतरी अधिक पुढे मृत्युछावण्यांत पाठविली गेली. त्या कोंडवाड्यात फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवीत असे. १९४४ च्या शरद ऋतूत तिची रवानगी आउशवित्झला झाली. जाण्यापूर्वी तिने मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून मागे ठेवली. प्रागच्या ज्यू संग्रहालयात ती आज पाहावयास मिळतात. त्यांत घरे आहेत, फुले आहेत, फुलपाखरे आहेत. चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असे बाईंनी मुलांना सांगितले होते. पुष्कळ चित्रांवर ती नावे अजून वाचता येतात.