प्रदूषणाची परिभाषा आणि कर्त्याचा प्रश्न

बंगळूर नगर जिल्ह्यातील आनेकल तालुक्यात, अत्तिबेले येथे, राष्ट्रीय महामार्ग ४४ कर्नाटकाची हद्द ओलांडून तमिळनाडूतील होसूरकडे जातो. मालमोटारींचा धूर हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. त्याचे शासकीय नाव मात्र बदलते. कर्नाटकाच्या नियंत्रण मंडळाच्या नावात ‘मालिन्य’ हा शब्द आहे, तमिळनाडूच्या मंडळाच्या नावात ‘मासु’, तर महाराष्ट्राच्या मंडळाच्या नावात ‘प्रदूषण’. हा भेद केवळ कोशगत नाही. झालेल्या हानीला कोणी कर्ता आहे किंवा नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

‘मालिन्य’ हे ‘मलिन’ या विशेषणापासून सिद्ध झालेले भाववाचक नाम असून ते अवस्था सांगते. ‘मासु’ म्हणजे डाग. तो लागलेला दिसतो, लावणारा दिसत नाही. ‘प्रदूषण’ मात्र ‘दुष्’ धातूच्या प्रयोजक रूपाशी संबद्ध आहे. बिघडविण्याची क्रिया असा त्याचा मूलार्थ. आणि क्रिया म्हटली की कर्ता आलाच. शिवाय मराठीत ‘दूषण देणे’ म्हणजे दोष देणे. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात मराठी भाषक ‘प्रदूषण होते’ असेच बहुधा म्हणतो. शब्दाने सूचित केलेला कर्ता ‘होणे’ या क्रियापदाने पुसला जातो.

सागरी वाहतुकीच्या संदर्भात हे अधिक स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकातील मराठीने ‘आगबोट’ आणि ‘आगगाडी’ हे शब्द घडविले. त्यांत निदान इंधनाच्या ज्वलनाची नोंद होती. ‘जहाज’ आणि ‘रेल्वे’ या आजच्या रूढ शब्दांत ती उरलेली नाही. आग मात्र विझलेली नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारतातील मोटारींच्या इंधनासाठी दशलक्ष भागांत १० भाग ही मर्यादा देशभर लागू झाली. म्हणजे अत्तिबेलेच्या मालमोटारीपेक्षा समुद्रावरील जहाजाला आजही पाचशेपट गंधकाची सामान्यतः मुभा आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले, ते किनाऱ्यावरील खारफुटीपर्यंत पोहोचले आणि मासेमारीला खीळ बसली. अशा घटनांना वृत्तपत्री मराठी ‘तेलगळती’ म्हणते. गळती जुन्या छपराला लागते, शाळेतील पटसंख्येला लागते. ती कोणी करीत नाही. पर्यायी क्रियापद ‘सांडणे’ हे अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘तेल सांडले’ या वाक्यात कर्ता लपू शकतो; ‘जहाजाने तेल सांडले’ म्हणताच तो समोर येतो.

गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास येणाऱ्या तेलाच्या घट्ट गोळ्यांना ‘डांबरगोळे’ म्हणतात. ‘डांबरगोळी’ हा शब्द मराठी घरात कपड्यांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेत ठेवण्याच्या वस्तूचा. संरक्षक वस्तूचे नाव येथे विध्वंसक वस्तूला मिळाले आहे. ‘तवंग’ या शब्दाचेही तसेच: रश्शावरील तवंग पाककौशल्याची खूण, पाण्यावरील तवंग जलचरांवरील संकट. घरगुती शब्दांनी अनोळखी आपत्ती ओळखीची होते. पण त्यामुळेच तिची तीव्रता उणावण्याचाही संभव असतो.

४ ऑगस्ट २०११ रोजी कोळसा घेऊन जाणारे ‘एमव्ही रॅक’ मुंबईजवळ बुडाले. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्यामागे होते. येथे ‘करणारा’ हे कर्तृवाचक रूप अनिवार्य ठरते. त्यावाचून न्यायाचे वाक्यच पूर्ण होत नाही.

पर्यावरणविषयक लेखनाच्या अभ्यासकाने आणि अनुवादकाने म्हणूनच नामांइतकेच क्रियापदांकडे लक्ष द्यावयास हवे. ‘मालिन्य’चा ‘प्रदूषण’ असा अनुवाद करणे सोपे आहे; परंतु मूळ संहितेत कर्ता सांगितला आहे, गाळला आहे की मुद्दाम लपविला आहे, हे अनुवादात राखणे अधिक महत्त्वाचे. कोळ्याचे जाळे तेलाने माखते तेव्हा त्याला नुकसान कोणाकडे मागावे हे ठाऊक असावे लागते, आणि ते प्रथम वाक्यात ठरते.