लुस्त्रातील लेकरू, व्हाइटफील्डमधील लेकरू

वाचन : प्रेषितांची कृत्ये १४:८-१८, १६:१-३, २ तीमथ्य १:५, ३:१४-१५



बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हे गाव हक्काचे घर शोधणाऱ्यांसाठीच वसविले गेले. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची ही वसाहत उभी राहिली, व त्यांचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव तिला मिळाले. आज त्याच परिसरातील उंच इमारतींत संगणक कंपन्यांच्या नोकऱ्यांमागोमाग आलेली मराठी कुटुंबे राहतात. आजी-आजोबा सोलापूरला किंवा मिरजेला. आईवडील दोघेही कामावर. आणि दोन-तीन वर्षांचे मूल दिवसभर पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्या बाईजवळ. बाई कन्नड बोलते, खेळगडी हिंदी बोलतात, बालवाडीत इंग्रजी, घरी मराठी. मूल म्हणते, “आई, नीरु पाहिजे.” आईला धास्ती वाटते, की या गोंधळात मूल ना धड बोलायला शिकेल, ना प्रार्थना करायला.

तीमथ्याचे घर आठवा. तो लुस्त्र गावचा. आई यहूदी, बाप हेल्लेणी. त्या गावचे लोक भावनेच्या भरात आले म्हणजे लुकवनी भाषेत ओरडत, हे प्रेषितांची कृत्ये १४:११ वरून दिसते. म्हणजे रस्त्यावर एक भाषा, व्यवहारात दुसरी आणि आईच्या शास्त्रात तिसरी. अशा गावात लोईस आजी व युनीके आई यांनी त्या मुलाला बालपणापासून शास्त्राची ओळख करून दिली. येथे पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द तान्ह्या बाळासाठीही वापरला जातो. शाळेचे वय होईपर्यंत त्या थांबल्या नव्हत्या.

भाषांच्या सरमिसळीविषयी आजचे जाणकारही धीरच देतात. अनेक भाषा कानांवर पडल्याने मूल मुके होत नाही. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणे हा वाढीचाच भाग आहे. तेव्हा “नीरु” म्हटल्यावर हसू नका, रागावू नका. “पाणी पाहिजे? हे घे पाणी,” एवढे म्हणा. मात्र दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर भाषांना बोल न लावता बालरोगतज्ज्ञांना दाखवा व श्रवणाची तपासणी करून घ्या.

याच कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना भल्या पहाटे गोड शब्दांनी जागे करून संस्कृत शिकविले. हाती पोथी नसे; आई म्हणे आणि मुलगी म्हणे. दिवसभर घरकामात गढलेल्या त्या माउलीला पहाटेचाच वेळ मोकळा मिळे. व्हाइटफील्डमधील आईलाही वाहतुकीत अडकण्यापूर्वीचा थोडा वेळच मिळतो. तेवढा पुरेसा आहे, मात्र त्या वेळी हातात भ्रमणध्वनी नको.

आता चिरडीविषयी. इफिसकरांस ६:४ मध्ये बापांना, मुलांना चिरडीस आणू नये, असे बजावले आहे. आपल्या भाषांतरकारांनी हा शब्द मोठ्या जाणतेपणाने निवडला, असे मला वाटते. कारण चिरडीला येणे म्हणजे काय हे लहान मुलाच्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. दीड ते तीन वर्षांच्या मुलाच्या इच्छा त्याच्या शब्दांच्या फार पुढे धावतात. त्यात भूक, अपुरी झोप किंवा दिवसभराचा आईचा विरह. संध्याकाळी सात वाजता दारातच लोळण घेणारे मूल बहुधा बंडखोर नसते. ते थकलेले असते. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. “तुला राग आला आहे,” एवढेच म्हणा. लांब उपदेश त्या क्षणी त्याच्या कानांत शिरतच नाही. मागितलेली वस्तू द्यायची नसेल तर देऊ नका, पण जवळून उठू नका. शांत झाल्यावर दोन गोष्टींतून एक निवडू द्या : आधी अंघोळ की आधी जेवण?

“पण नीतिसूत्रांत छडी आहे ना?” असे काही बंधू विचारतील. आहे. तेथील हिब्रू शब्द ‘शेबेत’ हाच तेविसाव्या स्तोत्रातही येतो, आणि तेथे ती मेंढपाळाच्या हाती असून जिवाला धीर देते. मेंढपाळ तिने वाट दाखवितो, मेंढराला बडवीत नाही. दोन वर्षांच्या मुलावर हात उगारून त्याला शब्द मिळत नाहीत, भीती मिळते. मात्र दुसरे टोकही शास्त्राला मान्य नाही. एलीने आपल्या मुलांना आवरले नाही, हा दोष १ शमुवेल ३:१३ मध्ये स्पष्ट आहे. आज रडले म्हणून दिले, उद्या रागावून नाकारले, यानेही मूल चिरडीस येते. नियम थोडे असावेत, व आई, बाप आणि सांभाळणारी बाई या तिघांचे तेच असावेत.

झोपेकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. बाप रात्री नऊला येतो म्हणून मुलाला अकरापर्यंत जागे ठेवणे हे प्रेम खरे, पण दुसऱ्या दिवशीच्या चिरडीचे बीजही तेच. बापाने सकाळ घ्यावी. त्याच मार्गदर्शनात दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, व चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून अधिक बसवू नये, असे सांगितले आहे. घास भरविताना चित्रफीत लावण्याची सवय मोडणे कठीण असते. चार-पाच दिवस मूल कमी जेवेल, मग भूक आपले काम करील.

कौटुंबिक प्रार्थना मुलाच्या मापाची असावी. हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी लहानसा झगा करून नेत असे. दूर राहूनही वाढत्या अंगाचे माप तिच्या मनात होते. दोन वर्षांच्या मुलासाठी दोन मिनिटे पुरेत : मांडीवर बसवून एक ओळ मराठीत म्हणावी, आणि आज कोणासाठी देवाचे आभार मानायचे ते त्यालाच सांगू द्यावे. मांजरासाठी मानले तरी “आमेन” म्हणा. ते मध्येच उठून गेले तर ओढून आणू नका.

आणि लोईस आजी? ती सोलापुरात आहे. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी दूरध्वनीवर तिला मुलाशी बोलू द्या. समोर चेहरा दिसत असेल तर उत्तमच. आजीशी संवाद आणि एकट्याने चित्रफिती पाहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तिने नोहाच्या तारवाची गोष्ट सांगावी, मधेच थांबावे, आणि पुढे कोणता प्राणी आला हे मुलाला सांगू द्यावे. मूल “आने” म्हणाले, तर शेजारी बसलेल्या आईने आजीला सांगावे, की कन्नडमध्ये हत्तीला ‘आने’ म्हणतात.