तुरीच्या मुळापासून प्रयोगशाळेपर्यंत

वऱ्हाडात तूर फुलावर आली की काही वावरांत उभी झाडे माना टाकू लागतात. जमिनीत ओल असूनही झाड वाळते. अशा झाडाचे खोड उभे चिरून पाहिल्यास आत तपकिरी किंवा काळपट रेषा दिसतात. हीच मर होय. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी जमिनीतून मुळात शिरते व पाणी वर नेणाऱ्या नलिका निकामी करते.

कास्तकाराच्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी असे झाड उपटून ते का वाळले हे विचारू लागली, तर तिकडे दुर्लक्ष होऊ नये. झाडांचे शिकून पोट भरत नाही, असे म्हणून पुष्कळ घरी हा विषय तेथेच मिटविला जातो. गावकार्यकर्त्यांनी पालकांस पुढील माहिती अवश्य द्यावी.

या रोगाचा शास्त्रीय अभ्यास एडविन बटलर यांनी बिहारमधील पुसा येथे करून १९१० साली प्रसिद्ध केला. बटलर मूळचे वैद्यकीचे पदवीधर; माणसांऐवजी पिकांचे रोग पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले. ज्वारीत तूर घेतल्यास मर कमी होते, हे प्रयोगांतही आढळून आले. वऱ्हाडातील कास्तकार ही मिश्र पेरणी पूर्वीपासून करीत आले आहेत.

अकोल्यास २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव ते धारण करते, त्यांची स्वतःची डॉक्टरेट वेदवाङ्मयातील होती! रोगप्रतिबंधक ट्रायकोडर्मा बुरशी व नत्र स्थिर करणारे रायझोबियम जिवाणू यांवर येथे काम चालते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने टीएयू-१ हा उडीद १९८५ मध्ये व टीएजी-२४ हा भुईमूग १९९१ मध्ये प्रसारित झाला. या नावांतील 'टी' ट्रॉम्बेचा व 'ए' अकोल्याचा आहे.

या क्षेत्रात येण्याचे दोन मार्ग आहेत. बारावी विज्ञानानंतर राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांची कृषी पदवी घेता येते. ही सोय अकोल्यास आहे, तशीच अमरावतीच्या श्री शिवाजी कृषी महाविद्यालयातही आहे. पुढे वनस्पतिरोगशास्त्रात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी व त्यानंतर डॉक्टरेट. दुसरा मार्ग विज्ञान महाविद्यालयाचा. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकून राष्ट्रीय पात्रता परीक्षेने संशोधनवृत्ती मिळविता येते. मात्र राज्याच्या कृषी सेवेच्या परीक्षेस कृषी वा संलग्न विषयाची पदवी लागते. पुष्कळ विद्यार्थ्यांस हे पदवी हाती आल्यावर कळते व तीन वर्षे हळहळण्यात जातात. म्हणून ही गोष्ट बारावीपूर्वीच सांगावी.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे काम किती निकडीचे आहे, हे जिवाणू खताच्या पाकिटावरून समजते. भुकटीच्या रूपातील रायझोबियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे खत नियंत्रण आदेशाचे प्रमाण आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पाकिटात ते कितपत जिवंत राहतील, याची कल्पना कोणासही करता येईल. उरलेल्यांची गणना प्रयोगशाळेतच होते. ती करणारा नसेल तर कास्तकार पैसे मोजून नुसती भुकटी घरी नेतो. शिवाय हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. कोणत्या पिकास कोणता जिवाणू, हे ओळखणे हाही याच अभ्यासाचा भाग होय.

होतकरू विद्यार्थ्यास याची ओळख शेतातच करून द्यावी. सोयाबीनच्या दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळून ते सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बाजूच्या काही ओळींत तसेच बियाणे न चोळता टाकावे. ४० ते ४५ दिवसांनी दोन्हीकडील पाच-पाच झाडे, माती भिजवून, मुळे न तोडता उपटावी. गाठी मोजून वहीत लिहाव्या व काही गाठी पात्याने कापाव्या. आतून तांबूस असलेली गाठ नत्र स्थिर करीत असते. हिरवट किंवा करडी गाठ काम करीत नाही.