डिशवॉशरचं आवर्तन

येवल्याहून परदेशात नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात बँक, शाळा आणि लायसन यांपलीकडे काही सुचत नाही. अशा कुटुंबांसाठीच्या या पुस्तिकेतही त्या विषयांना पानंच्या पानं मिळाली आहेत आणि ते बरोबरच आहे. भांड्यांचा प्रश्न साधारण तिसऱ्या महिन्यात डोकं वर काढतो. दोघं कामाला लागतात, मुलं शाळेतून दमून येतात आणि रात्री साडेनऊला सिंकमध्ये ढीग तसाच असतो. धुणीभांडी करणाऱ्या मावशी इथे नाहीत. ओट्याखाली डिशवॉशर असतो, पण बऱ्याच मराठी घरांत त्यात धुतलेली भांडी निथळत ठेवतात किंवा पिशव्यांच्या घड्या कोंबतात. मशीन पाणी खातं, आपली भांडी त्यात निघत नाहीत, चार भांड्यांसाठी कशाला वीज जाळायची, अशी तीन कारणं हमखास ऐकू येतात. ती एकेक करून तपासण्यासारखी आहेत, कारण तिन्हींत थोडं तथ्य आहे आणि तरीही दोघं नोकरी करणाऱ्या, तीन-चार माणसांच्या घरासाठी निष्कर्ष उलटा निघतो.

आधी पाण्याचं पाहू, कारण येवल्याच्या माणसाला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार यावर ज्या गावाचा आठवडा ठरतो आणि ज्या तालुक्याच्या ईशान्येकडच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या घरात भांडी बादलीभर पाण्यात होतात. एका घमेल्यात घासायची, दुसऱ्यात विसळायची, आणि विसळलेलं पाणी झाडांना. या पद्धतीपुढे मशीन पाणी वाचवत नाही, हे आधीच मान्य करून टाकावं. पण परदेशातल्या ओट्यावर आपण तसं घासतो का? तिथे मोरी नसते, घमेलं नसतं, आणि नळाला चोवीस तास गरम पाणी असतं. महिन्याभरात हात आपोआप नळ उघडा ठेवून घासायला शिकतो. मशीनची तुलना आईच्या बादलीशी केली तर मशीन हरतं, पण तुमच्या स्वयंपाकघरात त्याची खरी स्पर्धा या वाहत्या गरम नळाशी आहे.

त्या स्पर्धेचे आकडे उपलब्ध आहेत. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी सात युरोपीय देशांतल्या 113 जणांना 12 माणसांच्या जेवणाची भांडी हाताने धुवायला दिली. सरासरी 103 लिटर पाणी, अडीच युनिट ऊर्जा आणि 79 मिनिटं लागली. तेवढ्याच भांड्यांना मशीनला 15 ते 22 लिटर पाणी आणि एक ते दोन युनिट वीज पुरली. हे युरोपातल्या माणसांचं झालं, आपण काटकसरीने वापरतो, असं कोणी म्हणेल. मग साधा गुणाकार करा. अमेरिकेत स्वयंपाकघरातला नळ मिनिटाला जास्तीत जास्त 2.2 गॅलन, म्हणजे सव्वाआठ लिटरच्या आसपास पाणी सोडू शकतो. ऊर्जाबचतीचं एनर्जी स्टार हे चिन्ह असलेला पूर्ण आकाराचा नवा डिशवॉशर अख्ख्या फेरीला जास्तीत जास्त 3.2 गॅलन, म्हणजे बारा लिटरच्या आसपास पाणी घेतो. नळ पूर्ण उघडा असेल तर दीड मिनिटाच्या आत तेवढं पाणी गेलेलं असतं. अर्धा उघडा असेल तर तीन मिनिटांच्या आत. तेवढ्यात कुकरसुद्धा निघत नाही.

विजेचा आक्षेपही इथेच मिटतो. भांडी धुण्यातली बहुतेक ऊर्जा पाणी तापवण्यात जाते, मशीनचा पंप चालवण्यात फार थोडी. चाळीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायचं तर साधारण 1.4 युनिट लागतात. ते गिझरमध्ये तापलं की मशीनमध्ये, बिल तुम्हालाच येतं. फक्त गिझरचं दिसत नाही आणि मशीनचं दिसतं. मिशिगन विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात वाहत्या नळाखाली धुण्यापेक्षा मशीन पर्यावरणाला बरंच हलकं ठरलं. पण त्याच अभ्यासात मशीनपेक्षाही सरस ठरलेली एक पद्धत आहे: एका कुंडीत गरम पाण्यात घासायचं आणि दुसऱ्या कुंडीत गार पाण्यात विसळायचं. म्हणजे आपली दोन घमेल्यांचीच रीत. ज्या घरात ती खरोखर पाळली जाते, तिथे पाणी वाचवण्यासाठी मशीन लावायचं कारण नाही. तिथे प्रश्न उरतो वेळेचा, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

भारत सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97. ही सवय विमानतळावर उतरताना गळून पडत नाही. येवल्यात निदान सासू, जाऊ किंवा मावशी यांच्यात काम वाटलं जातं. परदेशात ते एकटीवर येतं आणि तीही नोकरी करून आलेली असते. मशीनने सगळं काम संपत नाही. भांडी लावायला आणि काढायला मिळून दहा-पंधरा मिनिटं जातात आणि मोठी भांडी हातानेच घासावी लागतात. तरी रोज अर्धा तास वाचला तर वर्षाला एकशे ऐंशी तासांहून अधिक होतात. त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. घासणं एकाच माणसाला ओट्याशी बांधून ठेवतं. मशीन भरणं आणि रिकामं करणं ही सुटी कामं आहेत, ती आठ वर्षांचं मूल करू शकतं आणि नवराही. मशीन आलं म्हणून मुलांना कामाची सवय राहत नाही, या आक्षेपात म्हणूनच दम नाही. सकाळी मशीन रिकामं करणं हे मुलांचं काम ठरवलं तर सवय अधिक नक्की लागते.

मात्र हे सगळं एका अटीवर: मशीन पूर्ण भरूनच चालवायचं. अर्ध्या भरलेल्या मशीनलाही पाणी आणि वीज जवळपास तेवढीच लागते. मशीनकडे नळ म्हणून पाहू नका, आवर्तन म्हणून पाहा. रोज रात्री एक आवर्तन, त्याआधी भरून घ्यायचं आणि मध्ये सोडायचं नाही. त्यासाठी दिवसभर पुरतील एवढी भांडी घरात हवीत. चौघांच्या घरात आठ-दहा ताटं, डझनभर वाट्या, तेवढीच फुलपात्री आणि चमचे असले की दुपारची भांडी रात्रीपर्यंत आत थांबू शकतात. बॅगेत आणखी एक पातेलं भरण्याऐवजी वाट्या आणा. माहितीपत्रकात लिहिलेली 12 माणसांची भांडी सपाट बशांच्या हिशेबाने मोजलेली असतात, आपल्या कडेच्या ताटांच्या आणि खोल वाट्यांच्या नव्हे, त्यामुळे चार माणसांच्या दोन वेळच्या जेवणात पूर्ण आकाराचं मशीन भरतं. वाट्या वरच्या कप्प्यात तिरक्या आणि पालथ्या ठेवा, एकीत एक अडकवू नका, आणि फिरणारं पातं उंच ताटाला अडत नाही ना हे हाताने फिरवून पाहा.

आपली भांडी त्यात निघत नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा मशीनची नसते, वापराची असते. भांडी आधी नळाखाली धुऊन मग आत ठेवली तर काम दोनदा होतं आणि मशीनचा फायदा उरत नाही. खरकटं निपटून काढायचं, एवढंच. भाताची शितं, कढीपत्ता, मोहरी आणि कोथिंबिरीचे देठ तळाच्या जाळीत अडकतात, म्हणून ती जाळी आठवड्याला काढून धुवावी. आमटीचा वास येतो तो तिथूनच. वरण-भाताचा थर आणि तूप यांवर पावडरीतली विकरं आणि सोडा चांगलं काम करतात. हळदीचे डाग स्टीलवर राहत नाहीत, प्लास्टिकवर राहतात. भांडी घासण्याचं नेहमीचं लिक्विड चुकूनही आत घालू नका, फेसाने ओटा आणि जमीन भरेल. स्टीलची ताटं-वाट्या, काच, चिनी माती आणि स्टीलचा कुकर आत जातो. कुकरची शिट्टी आणि रबर मात्र हाताने धुवावं. लोखंडी तवा आणि कढई गंजते, बिडावरचा तेलकट थर जातो. पितळ आणि तांबं काळवंडतं, कल्हई उडते, अॅल्युमिनियम आणि हिंडालियम काळं पडतं. पोळपाट-लाटणं तडकतं आणि मिक्सरच्या भांड्याचा तळ बिघडतो. देवाची उपकरणी आणि नैवेद्याची भांडी वेगळी ठेवायची असतील तर ती अशीही पितळेची किंवा चांदीची असतात. त्यांना मशीनचा मोह नकोच.

देशागणिक थोडा फरक आहे. अमेरिकेतलं मशीन बहुधा गरम पाण्याच्या नळीला जोडलेलं असतं, म्हणून सुरू करण्याआधी सिंकचा गरम नळ पाणी तापेपर्यंत सोडावा आणि ते पाणी भांड्यात धरावं. युरोपातलं मशीन गार पाणी घेऊन स्वतः तापवतं आणि पाणी जड असेल तिथे मिठाचा कप्पा भरावा लागतो. त्यात या मशीनसाठी मिळणारं जाड मीठच घालायचं, जेवणातलं आयोडीनयुक्त मीठ नाही. जर्मनीत भाड्याच्या घरात स्वयंपाकघरच नसू शकतं, तेव्हा घर घेण्याआधी विचारा. इको फेरी दोन-तीन तास चालते म्हणून ती जास्त वीज खाते असं समजू नका; पाणी कमी तापवायचं म्हणूनच ती वेळ घेते.

शेवटचा आक्षेप आकड्यांचा नाही. रात्री घरात खरकटं ठेवू नये, हे आपण ऐकत आलो आहोत, आणि भरलेल्या मशीनमध्ये ते दिवसभर असतं. ज्यांना ते खुपतं त्यांनी रात्री झोपण्याआधी फेरी लावावी, म्हणजे सकाळी घर जुन्या नियमानेही स्वच्छच असतं. पण संस्कृतीची काळजी करायचीच असेल तर ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करावी. परदेशातल्या आपल्या कार्यक्रमांत पंचवीस माणसं जमली की कागदी प्लेट आणि प्लास्टिकचे चमचे बाहेर येतात आणि पिशव्या भरून कचऱ्यात जातात. कारण एकच, मागचं घासणार कोण? ज्या घरी मशीन आहे तिथे पाहुण्यांना स्टीलच्या वाटीत गुळाची पोळी आणि तूप देता येतं.

मग घ्यावा का? ओट्याखाली आधीच असेल आणि घरात तीन किंवा अधिक माणसं असतील तर उद्यापासून वापरा. दोघंच असाल, बाहेरचं खाणं जास्त असेल किंवा रोज मशीन भरत नसेल, तर दोन कुंड्यांची रीत धरा, तीच स्वस्त. विकत घेण्याआधी आठवडाभर सिंकला बूच लावून किती वेळा कुंडी भरते ते मोजा, म्हणजे माझ्यावर विसंबावं लागणार नाही. आणि हे वाचून येवल्यात आई-वडिलांसाठी मशीन पाठवायचा विचार आला असेल तर थांबा. तिथे पाणी ठरावीक दिवशी येतं, बोअरचं पाणी जड असतं, गिझरचं पाणी भांड्यांना कोणी वापरत नाही, आणि मावशींचं घर त्या कामावर चालतं. इथे मशीन ज्या वाहत्या नळाला हरवतं, तो नळच त्या घरात नाही.