परभाषेचा मोह आणि भाषांतराचा व्यवसाय

दरसाल निकालाच्या सुमारास पालक एकच प्रश्न घेऊन येतात: कोणती परकीय भाषा शिकविली असता मुलाला हमखास रोजगार मिळेल? जर्मन, फ्रेंच, जपानी यांच्या अध्यापनाची पुण्यात मॅक्सम्युलर भवन व रानडे इन्स्टिट्यूट येथे उत्तम तजवीज असल्याने त्यांचा ऊहापोह येथे करीत नाही. परंतु स्पर्धा कमी म्हणून जे आता नॉर्वेजियनचे नाव काढू लागले आहेत, त्यांच्याशी स्पष्टच बोलले पाहिजे.

सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या नॉर्वेत मोटारी बहुतांशी परदेशांतून येतात आणि २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवर चालणाऱ्या होत्या. सबब मोटारींचा इंग्रजी मजकूर नॉर्वेजियनमध्ये उतरविणाऱ्यांची तेथे निकड आहे, हे खरे. परंतु भाषांतरकाराने आपल्या मातृभाषेतच भाषांतर करावे, हा या व्यवसायाचा रूढ दंडक असल्यामुळे ते काम नॉर्वेजियन माणसाकडेच जाणार. तेथेही योग्य माणूस सहजी सापडत नाही. कारण नारिंगी वेष्टनाच्या उच्चदाबाच्या तारांना हात लावण्यापूर्वी कोणती जोडणी आधी सोडवायची, किती वेळ थांबायचे आणि अखेरीस नट किती न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा, हे ज्याला उमगते तो बहुधा लेखक नसतो, आणि जो लेखक असतो त्याने पाना हाती धरलेला नसतो. शिवाय भाषांतरसेवांविषयीच्या आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकाने प्रत्येक भाषांतर दुसऱ्या जाणकाराने मुळाशी ताडून पाहणे आवश्यक ठरविले आहे.

हीच उणीव मराठीत आहे. ट्रॅक्टर, दुचाकी, विजेच्या रिक्षा महाराष्ट्रात गावोगावी फिरत असता त्यांच्या दुरुस्तीचा मजकूर निर्दोष मराठीत लिहिणारे मोजकेच आढळतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकणाऱ्या आणि मराठी वाचनाची गोडी असणाऱ्या मुलाला ‘वाया गेला’ म्हणून शिकवणीवर्गात डांबणारे पालक त्याच्या भवितव्याचे आपल्याच हातांनी नुकसान करतात. मोबदला शब्दांवर मोजला जातो, प्रारंभी तो तुटपुंजाच असतो आणि जम बसावयास वर्षे लागतात, हे मात्र आरंभीच कबूल करावे.

तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी मुलाकडून ब्रेकच्या दुरुस्तीचे एक प्रकरण मराठीत लिहवून घ्या व ते गॅरेजमधल्या मिस्त्रींच्या हाती द्या. त्यांना कोठेही न अडखळता तेवढ्यावरून काम करता आले, तर मुलाच्या आड येऊ नका.