हजार फुटांचा गड, घड्याळाच्या हिशेबाने

रोह्याच्या उत्तरेला दाट झाडीत दडलेला अवचितगड जेमतेम हजार फुटांचा आहे. पायथ्याच्या गावातून निघालेला धडधाकट माणूस तास-सव्वा तासात माथ्यावर पोचतो. वर तट, बुरूज, पाण्याची टाकी, देवळे आहेत आणि खाली कुंडलिकेचे अख्खे खोरे. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्याला, शाळकरी मुलांना किंवा साठी ओलांडलेल्या पण चालायची सवय असलेल्या आजी-आजोबांना रायगड जिल्ह्यात याहून चांगली सुरुवात क्वचित सापडेल.

पण उंची कमी म्हणून लोक उशिरा निघतात, अर्धी बाटली पाणी घेतात, पायात चप्पल घालतात आणि भर उन्हात वाट चुकतात. छोट्या डोंगरावर ताकद कमी लागते, वेळेचा हिशेब मात्र मोठ्या डोंगराइतकाच लागतो. कोणत्या महिन्यात जायचे, किती वाजता निघायचे, किती वाजता मागे फिरायचे ही तीन उत्तरे घरीच ठरली, की बाकीचे सोपे होते.

१. महिना निवडा

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाने माजलेले गवत सुकत आलेले असते, वाट पुन्हा ठळक झालेली असते आणि सकाळी गारवा असतो. ऑक्टोबरात झाडी हिरवीगार असते, पण उकाडा दमवतो आणि गुडघाभर गवतात पाऊल कुठे पडते ते दिसत नाही.

मार्चपासून ऊन चढते. सागाची पाने गळतात, सावली विरळ होते आणि कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जायचेच असेल, तर उजाडताना निघून नऊच्या आत खाली या.

जून ते सप्टेंबर नवख्यांनी हा डोंगर टाळावा. शेवाळलेला दगड, ओढ्यांना अचानक येणारे पाणी आणि धुक्यात हरवणारी वाट हे तिन्ही एकत्र येतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अतिवृष्टीत इथले डोंगर कसे वागतात, हे त्या रात्रीने दाखवले आहे. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी डोंगराकडे जाऊच नका.

२. वेळेचा हिशेब मांडा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक साधा नियम सांगितला. दर तीन मैल चालीला एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात म्हणजे पाच किलोमीटरला साधारण एक तास आणि शंभर मीटर चढाला दहा मिनिटे. स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी सांगितलेला हा नियम आपल्याकडेही वापरता येतो, फक्त त्यात ऊन आणि दमट हवा मिळवावी लागते.

समजा वाट अडीच किलोमीटरची आहे आणि चढ तीनशे मीटरचा. चालीचा अर्धा तास, चढाचा अर्धा तास, मिळून एक तास. बरोबर मुले किंवा वयस्क माणसे असतील, तर त्यात निम्म्याने भर घाला, म्हणजे दीड तास. माथ्यावर दोन तास आणि उतरायला दीड तास धरा. उतरताना वेळ वाचेल असे गृहीत धरू नका. सुक्या पानांवरून आणि घसाऱ्यावरून उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो.

आता घड्याळ लावा. जानेवारीत इकडे सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. सात वाजता पायथा सोडला तर साडेआठला माथा, साडेदहाला उतरायला सुरुवात आणि बाराला गावात. याच्या जोडीला मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवा. साडेनऊपर्यंत माथा आला नाही, तर जिथे असाल तिथून परत. ही वेळ सगळ्यांसमोर, निघण्यापूर्वी ठरलेली असावी. वर गेल्यावर ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणणारा कुणीतरी असतोच आणि तेव्हा वाद घालण्यापेक्षा आधी दिलेला शब्द पाळणे सोपे जाते.

दुपारी चढायचा मोह टाळा. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या बरीच आधी वाट दिसेनाशी होते.

३. पाठपिशवी भरा

- पाणी : हिवाळ्यात माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. गडावर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आपले पाणी आपण न्यायचे.
- खाणे : गूळ-शेंगदाणे, चिक्की, केळी, चपाती-भाजी. जलसंजीवनीची दोन पाकिटे.
- पायात : रबरी खाचांचा, घोट्याला धरणारा बूट. नवा बूट असेल तर आठवडाभर आधी घरात-बाहेर घालून मुरवा.
- अंगावर : पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, लांब पँट, टोपी. करवंदीच्या जाळ्या उघड्या हातापायांना ओरबाडतात.
- बरोबर : विजेरी, शिट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन, पट्टी-मलमाचा छोटा डबा, नेहमीची औषधे, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.

दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. हातात धरायची पिशवी घेऊन डोंगर चढू नका.

४. पायथ्याला पोचा

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने वडखळवरून नागोठण्याला यावे आणि तिथून रोह्याचा रस्ता धरावा. पेण ते रोहा अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. रेल्वेने यायचे तर दिवा-रोहा गाडी पनवेल, पेण, नागोठणे करत रोह्याला येते. या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, म्हणून वेळापत्रक आधी पाहा. सकाळी सातला चढायचे असेल, तर आदल्या संध्याकाळी रोह्यात मुक्काम करणे उत्तम.

गडावर जाणाऱ्या वाटा तीन गावांतून निघतात : मेढे, पिंगळसई आणि पडम. रोहा-नागोठणे रस्त्यावरचे मेढे रोह्यापासून सुमारे सात किलोमीटरवर आहे, पिंगळसई त्याहून जवळ. पडमची वाट लांबची आहे. पहिल्या खेपेला मेढ्याची वाट घ्या. गावातल्या विठोबाच्या देवळाच्या मागून, विहिरीजवळून ती डोंगराला लागते.

गाडी कुणाच्या अंगणात किंवा खळ्यावर विचारल्याशिवाय लावू नका. गावात शिरल्यावर पहिले काम म्हणजे कुणा दादांना किंवा मावशींना विचारणे : ‘गडाची वाट चालू आहे का? रान साफ आहे का?’ वणवा लागून गेला असेल, झाड आडवे पडले असेल किंवा आग्या माश्या उठल्या असतील, तर ते गावातच कळते. पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याच्या सकाळच्या कामाचे पैसे आधी बोलून, मोकळ्या मनाने द्या. किती जण वर जाताय आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हेही गावात एका घरी सांगून ठेवा.

५. चढा

पहिली पंधरा मिनिटे मुद्दाम सावकाश चाला. बोलताना धाप लागत नाही, इतकाच वेग हवा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, वाट माहीत असलेल्याला त्याच्या बरोबर द्या आणि एका भरवशाच्या माणसाला शेवटी ठेवा. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये.

या रानात चुकवतात त्या ढोरवाटा. गुरे चरायला जातात त्या वाटा गडाच्या वाटेइतक्याच ठळक दिसतात आणि जाळीत नेऊन सोडतात. ओळखायची खूण अशी : गडाची वाट एकंदरीत चढत राहते आणि वर्षानुवर्षांच्या पायांनी तिच्यातले दगड गुळगुळीत झालेले असतात. ढोरवाट डोंगराच्या पोटातून आडवी जाते आणि मग फाटे फुटत विरून जाते. दहा मिनिटे चढ लागला नाही, तर थांबा आणि शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे या. झाडीतून सरळ वर घुसू नका. प्रत्येक फाट्यावर वळून मागचे दृश्यही पाहून ठेवा, उतरताना तेच समोर येणार असते.

दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे थांबा आणि तहान लागण्याआधी घोट-दोन घोट पाणी प्या. साग, ऐन, किंजळ यांच्या या रानात मोठ्याने गाणी लावू नका. पाखरे ऐकू येतात आणि मागच्या माणसाची हाकही.

६. माथ्यावर पाहा

आल्या आल्या उन्हात बसू नका. सावली शोधा, पाणी प्या, थोडे खा आणि मग गड फिरा.

शिवाजी महाराजांच्या राज्यात हा गड कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवून होता. तटाच्या आतून चाललात की तलाव, पाण्याची टाकी, महादेवाचे आणि पिंगळसई देवीचे स्थान, तोफा असे एकेक समोर येते. बांधीव तलाव बारा कोनांचा आहे. त्याच्या काठावरून एकदा पूर्ण फेरी मारा आणि मुलांना कोन मोजायला लावा. एका बुरुजावर शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा शिलालेख आहे. म्हणजे इसवी सन १७९६ चा गुढीपाडवा, उत्तर पेशवाईतला. शिवकाळानंतर शतकभराहून जास्त काळ या गडाची देखभाल चालू होती, याचा तो लेखी पुरावा आहे. अक्षरांवर खडू किंवा पाणी लावून ती उठवण्याचा प्रयत्न करू नका, सकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप उठून दिसतात.

मग बुरुजावरून खाली पाहा. कुंडलिका रोह्याजवळून वळण घेत पश्चिमेला जाते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. कोलाडच्या बाजूला उन्हाळ्यातही या नदीला पाणी दिसते, त्याचे कारण घाटावर आहे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते. भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून चालू आहे. पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यावरून ते पाणी कालव्यांत जाते आणि रोहा तालुक्यातली शेती भिजवते. याच मुळशी धरणात जमिनी गेलेल्या मावळ्यांसाठी सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभारला होता. खालच्या हिरव्या पट्ट्यात घाटावरच्या त्या गावांचाही वाटा आहे, हे बरोबरच्या मुलांना इथे उभे राहून नक्की सांगा.

हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला सरसगड, सुधागड आणि तैलबैलाच्या भिंती ओळखता येतात. धातावच्या औद्योगिक वसाहतीची धुराडीही दिसतात.

तटावर चढून फोटो काढू नका. चुना सुटलेले दगड हलतात. टाक्यांत पाय धुऊ नका, कचरा खाली आणा आणि विस्तव पेटवू नका. जानेवारी-फेब्रुवारीत पोपटीचा बेत असतो, पण वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून भाजायचे ते मडके गावातल्या शेतावर, मालकाला विचारून लावा. रानात पडलेली एक ठिणगी डोंगराचा उतारच्या उतार जाळते.

७. उतरा

ठरलेल्या वेळी उठा. अपघात बहुधा उतरताना होतात, कारण पाय थकलेले असतात आणि मन घरी पोचलेले असते. गुडघे किंचित वाकवून छोटी पावले टाका. घसाऱ्यावर पाऊल आडवे ठेवा, गवताला किंवा सुक्या फांदीला धरू नका. मुलांना धावू देऊ नका. गावात परतल्यावर ज्या घरी सांगून गेला होतात, तिथे परत आल्याचे कळवा.

८. अडचण आली तर

वाट चुकली तर सगळे एकत्र थांबा, तीन-तीन शिट्ट्या वाजवा आणि ११२ वर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

साप चावला तर जखम कापू नका, तोंडाने रक्त ओढू नका, घट्ट आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, अंगठी-पैंजण काढून, माणसाला उचलून खाली आणा आणि थेट रोह्याच्या सरकारी रुग्णालयात न्या. कोकणात फुरसे सर्रास आढळते आणि ते दगडाखाली, पाचोळ्यात बसते. दगड उलथू नका, न पाहता हात घालू नका.

विंचूदंशालाही हलके समजू नका. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने त्यावर उपचार करून अनेक प्राण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इलाज आहे, फक्त वेळेत दवाखाना गाठायला हवा.

माश्या उठल्या तर चेहरा झाकून झाडीत किंवा खाली पळा, हात झटकत उभे राहू नका. अत्तर लावून गडावर जाऊ नका.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर ते ऊन लागल्याचे लक्षण आहे. सावलीत झोपवा, मान आणि काखा ओल्या करा, माणूस नीट शुद्धीवर असेल तर जलसंजीवनी पाजा आणि चढाई तिथेच संपवा.

९. पुढचा डोंगर

अवचितगड नीट जमला, की पेणजवळचा सांकशी, खांब गावाजवळचा सुरगड आणि रोह्याच्या दक्षिणेचा घोसाळगड हे पुढचे टप्पे. सांकशीला कातळातून चढावे लागते, म्हणून तिथे जाणत्या माणसाशिवाय जाऊ नका. प्रत्येक वेळी निघताना एका कागदावर तीन वेळा लिहा : निघण्याची, माथ्यावर पोचण्याची, मागे फिरण्याची. परत आल्यावर त्याच्या शेजारी प्रत्यक्षातल्या वेळा लिहा. चार-पाच डोंगरांनंतर आपली चाल, आपल्या मुलांची चाल आणि आपले पाणी किती, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावे लागणार नाही. मग घाटमाथ्यावरचे मोठे गडही त्याच हिशेबाने, घाई न करता चढता येतील.