कॅप्सूल गिळायची की ओढायची?

काही महिन्यांपूर्वी माळशिरसजवळच्या एका वाडीवरच्या आजी धाप लागते म्हणून पुन्हा दवाखान्यात आल्या. चार महिने औषध चालू, पण गुण नाही. "कॅप्सूल कशी घेता?" असे विचारले. "पाण्यासंगं गिळते की!" त्या म्हणाल्या. ती कॅप्सूल यंत्रात घालून तिच्यातली पावडर श्वासावाटे ओढायची असते. चिठ्ठी माझीच होती. करून दाखवायचे मात्र राहून गेले होते.

आजींनी कधी विडी ओढली नाही, पण उभा जन्म चुलीपुढे गेला. विडी-सिगारेटप्रमाणेच चुलीच्या धुरानेही श्वासनलिका सुजून अरुंद होतात. या जुनाट विकाराला सीओपीडी म्हणतात. झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही. मात्र धुरापासून दूर राहिल्यास व औषध नियमित घेतल्यास धाप आटोक्यात राहते.

डॉक्टरकडे रुग्ण दोन-तीन महिन्यांनी येतो, मेडिकलमध्ये मात्र दर महिन्याला जातो. म्हणून फार्मासिस्टची मदत मोलाची. औषध कसे घ्यावे हे रुग्णाला समजावणे हे त्याचे कामच आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतही ते नमूद आहे. तेव्हा संकोच न करता त्याच्यासमोर यंत्र वापरून दाखवा. आधी श्वास यंत्राबाहेर सोडा, ओठ घट्ट मिटून पावडर जोरात व खोल ओढा, मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखा. फवाऱ्याच्या पंपाची रीत वेगळी: तो हलवून सावकाश ओढायचा. स्टिरॉइडचे औषध ओढल्यावर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंड येत नाही.

फार्मासिस्ट बंधू-भगिनींनाही विनंती. नेहमीचा रुग्ण औषध न्यायला आला नाही, किंवा तात्काळ आरामाचा पंप लवकर संपू लागला, तर त्याला डॉक्टरकडे धाडा. धापेवर स्टिरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. तात्पुरते बरे वाटते, पण वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

धाप अचानक वाढली, बेडका हिरवा-पिवळा झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओठ निळे पडले किंवा बोलताना दम पुरेना, तर थेट रुग्णालयात जा.

त्या आजी आता कॅप्सूल ओढतात. परवा सांगत होत्या, "देवळापर्यंत न थांबता जाते."